निराधारांचा 'पगार' हेही औषधच आहे



एरवी मी इथे मधुमेह, रक्तदाब, दमा, डेंग्यू अशा विषयांवर लिहितो. आजचा लेखही मधुमेहापासूनच सुरू होतो, पण तो दवाखान्यात संपत नाही. तो तहसील कार्यालयापर्यंत जातो. काहींना तो राजकीय वाटेल. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

काही महिन्यांपूर्वी सकाळी ओपीडी सुरू होत असतानाच सत्तरीच्या एका आजींना शेजारच्या पोरांनी ऑटोतून आणले. अंग घामाने डबडबलेले, हाक मारली तर फक्त डोळे किलकिले करत होत्या. पोरांना वाटले पॅरालिसिसचा झटका आला. ग्लुकोमीटरवर साखर निघाली ३८. शिरेतून ग्लुकोज दिले, आणि थोड्याच वेळात आजी उठून बसल्या. पहिला प्रश्न, "मी हितं कशी आले?"

हे का झाले ते आधी समजून घ्या. त्यांना ग्लिमेपिराइड नावाची गोळी सुरू होती, सकाळ-संध्याकाळ. आपल्याकडे मधुमेहासाठी ही खूप वापरली जाते, स्वस्तही आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात भाकर गेली आहे की नाही, हे ती पाहत नाही. तुम्ही जेवलात तर साखर आटोक्यात राहते, न जेवता गोळी घेतली तर साखर धाडकन खाली येते. म्हाताऱ्या माणसाची किडनी थोडी मंदावलेली असेल तर गोळीचा परिणाम आणखी लांबतो आणि ग्लुकोज दिल्यावरही साखर पुन्हा पडू शकते. म्हणून त्यांना एक दिवस ठेवून घेतले.

मी विचारले, "आजी, रात्री काय जेवलात?"

"च्या घेतला साहेब. पीठ सरलं होतं. पर गोळी नाही चुकवली."

"पीठ का नाही आणलं?"

"तीन महिने झालं, पगार पडला नाही."

माझ्या हाताने मी त्यांच्या कागदावर लिहिले होते, 'जेवणाआधी एक गोळी'. जेवण असणारच, हे मी गृहीत धरले होते. घरात कोण आहे, चूल कशावर चालते, हे दोन वर्षांत एकदाही विचारले नव्हते. तेव्हा पहिली चूक माझी, ती मी मान्य करतो. त्यांची गोळी त्याच दिवशी बदलली. पण 'पगार' बदलणे माझ्या हातात नाही. म्हणून हा लेख.

'पगार' म्हणजे कोणता?

लोहा, कंधार, मुखेड, अहमदपूर या आपल्या भागात हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. निराधारचा पगार, श्रावणबाळचा पगार. शहरातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्राने १९८० साली सुरू केली. पासष्ट वर्षांखालील विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, अनाथ मुले, तसेच क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांमुळे कमावू न शकणारे लोक यांच्यासाठी ती आहे. पासष्टच्या पुढच्या गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजना याच्याच जोडीने चालते. २०१९ पर्यंत महिन्याला सहाशे रुपये मिळत, मग हजार झाले, जुलै २०२३ पासून पंधराशे. दिव्यांगांना २०२५ च्या ऑक्टोबरपासून अडीच हजार करण्यात आले, ही चांगली गोष्ट झाली. बाकीचे अजून पंधराशेवरच आहेत.

यात केंद्र सरकारचा वाटा किती? साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धामागे दोनशे रुपये. २००७ साली ही योजना आजच्या नावाने सुरू झाली तेव्हाही दोनशेच होते. इतक्या वर्षांत रुग्णाच्या औषधाचा डोस मी एकदाही वाढवला नाही, तर तुम्ही मला काय म्हणाल?

गरीब कोण? चार खिडक्या, चार उत्तरे

आता खरा मुद्दा. हा पगार मिळण्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. बाकी सगळ्यांसाठी एकवीस हजार, नाहीतर दारिद्र्यरेषेच्या जुन्या यादीत नाव.

एकवीस हजार म्हणजे महिन्याला १,७५०. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, आणि तेही अख्ख्या कुटुंबाचे. घरात दोघे असले तर माणशी एकोणतीस रुपयेसुद्धा नाहीत. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे घरातल्या एका माणसाने वर्षात अडुसष्ट दिवस सरकारच्याच कामावर माती उचलली, तर सरकारच्याच हिशोबाने ते घर निराधार योजनेच्या बाहेर गेले. उरलेले दोनशे सत्त्याण्णव दिवस त्या घराने काय खावे, याचे उत्तर कुठल्याच कागदावर नाही. आणि हे त्या महाराष्ट्रात, ज्याने रोजगार हमीचा कायदा देशात सर्वांत आधी, १९७७ साली केला.

आता बाकीच्या खिडक्या पाहा.

- रेशनच्या प्राधान्य कुटुंब यादीसाठी ग्रामीण भागातली मर्यादा: ४४,०००
- मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीच्या पुढच्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र घेण्यासाठी एकदाच मिळणाऱ्या तीन हजारांची मर्यादा: दोन लाख
- २०२४ साली आलेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची मर्यादा: अडीच लाख
- निराधार, श्रावणबाळ: २१,०००

माणूस तोच, गाव तेच, सरकार तेच. चष्मा हवा असेल तर दोन लाखांपर्यंत तुम्ही गरजू आहात. पीठ हवे असेल तर एकवीस हजारांच्या वर तुम्ही गरजू नाही.

लाडक्या बहिणींना मिळणाऱ्या पैशांबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या कितीतरी रुग्ण बायकांनी त्या पैशांतून पहिल्यांदा स्वतःचे हिमोग्लोबिन तपासले, दातांचे काम करून घेतले. माझे म्हणणे इतकेच की, अडीच लाखांची मर्यादा योग्य असेल, आणि ती योग्यच आहे, तर एकवीस हजारांची मर्यादा कुठल्या तोंडाने टिकवता? शिवाय लाडकी बहीण योजना पासष्टीला थांबते. काल ज्या बाईला सरकार बहीण म्हणत होते, तिने उद्या सहासष्टाव्या वर्षी श्रावणबाळच्या रांगेत उभे राहून सिद्ध करायचे की आपले घर दिवसाला साडेसत्तावन्न रुपयांत चालते. म्हातारपणी गरज वाढते की कमी होते?

डॉक्टर म्हणून एक उदाहरण देतो. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त असेल तर आपण मधुमेह म्हणतो. उद्या कुणी ही रेघ ४०० वर नेली, तर कागदावर मधुमेही कमी होतील. आकडे छान दिसतील. पण लोकांचे पाय सडायचे थांबणार नाहीत, डोळे जायचे थांबणार नाहीत. एकवीस हजारांची रेघ ही अशी रेघ आहे. तिने गरिबी मोजली जात नाही, झाकली जाते.

तिचा आणखी एक वाईट परिणाम आहे. इतक्या कमी उत्पन्नात कोणतेच घर जगू शकत नाही, हे अर्जदाराला, दाखला देणाऱ्याला आणि मंजुरी देणाऱ्याला, सगळ्यांनाच माहीत असते. तरीही एकवीस हजारांच्या आतले दाखले निघतात, कारण त्याशिवाय गत्यंतर नसते. म्हणजे नियमच गरिबाला खोटे बोलायला लावतो. जी म्हातारी भोळेपणाने 'पोरगं महिन्याला दोन हजार धाडतंय' असे खरे सांगते, ती बाहेर राहते. ज्याच्याजवळ ओळख आहे किंवा मध्यस्थाला द्यायला पैसे आहेत, तो आत जातो. आणि मग आपणच म्हणतो, "सगळे बोगस आहेत."

पंधराशे रुपयांत शरीराला काय मिळते?

"रेशन फुकट आहे की," असे मला अनेक जण सांगतात. चला, हिशोब करू. प्राधान्य यादीतल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. म्हणजे रोजचे साधारण १६७ ग्रॅम. त्यातून पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी आणि पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिने मिळतात. पन्नास किलो वजनाच्या म्हाताऱ्या बाईला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम प्रथिने आणि दीड हजारांच्या वर कॅलरी लागतात. उरलेले डाळ, दूध, अंडी, तेल, भाजी यांतून यायला हवे, आणि ते रोख पैशांशिवाय येत नाही. रोज अर्धा लिटर दूध आणि एक अंडे एवढेच धरले तरी महिन्याला हजार-अकराशे रुपये जातात. उरलेल्या चारशेत डाळ, तेल, गॅस, वीजबिल, साबण, चप्पल, आणि आजारपण.

प्रथिने कमी पडली की मांड्यांचे, दंडांचे स्नायू झिजतात. माणूस उठताना तोल जातो, पडतो, खुबा मोडतो. जखम भरत नाही. न्यूमोनिया लवकर धरतो. घरचे म्हणतात, "वय झालं." पुष्कळदा ते वय नसते, ताटातली कमतरता असते.

क्षयरोगाचे पाहा. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला महिन्याला पाचशे रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. त्याच्यामागे विज्ञान आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरी धान्य-डाळीचे शिधे देऊन एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. ज्या घरांना जास्तीचा शिधा मिळाला, तिथल्या इतर माणसांना क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. नवे औषध नाही, नवी लस नाही. शिधा. एखाद्या गोळीने हा परिणाम दाखवला असता तर औषध कंपन्यांनी आम्हा डॉक्टरांना तिच्यासाठी हॉटेलात जेवणे दिली असती.

दक्षिण आफ्रिकेतही असेच दिसले. तिथे आजीला पेन्शन मिळू लागल्यावर त्याच घरातल्या नातींचे वजन आणि उंची सुधारली, असे अर्थशास्त्रज्ञ एस्थर डफ्लो यांनी दाखवले. म्हातारीच्या हातात पैसे दिले की ती ते कुठे खर्च करते, हे आपल्याला कुणी आफ्रिकेतून येऊन सांगायची गरज नाही. आपण सगळे तिच्याच हातचे खाऊन मोठे झालो.

जिवंत असल्याचा पुरावा

दरवर्षी हयातीचा दाखला. वेळोवेळी उत्पन्नाचा दाखला. आधार बँकेला जोडलेले हवे, केवायसी झालेली हवी. यातले काही आवश्यकच आहे, मेलेल्यांच्या नावाने पैसे उचलले जाऊ नयेत हे मलाही पटते. पण शरीर काय सांगते तेही ऐका.

आयुष्यभर कापूस वेचलेल्या, खुरपणी केलेल्या, ऊस तोडलेल्या हातांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. वयानुसार कातडी पातळ आणि कोरडी होते, मशीनला ठसा उमटत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू असेल, पापणी उतरलेली असेल तर डोळ्यांची तपासणीही अडते. म्हणजे ज्याने जास्त कष्ट केले आणि जो जास्त म्हातारा झाला, त्यालाच मशीन ओळखत नाही. मग तो माणूस यादीत असूनही त्याचा पगार बंद पडतो, आणि का बंद पडला हे त्याला कुणी सांगत नाही. तो बँकेत जातो, बँक म्हणते तहसीलला विचारा, तहसीलमध्ये सांगतात वरूनच आले नाहीत. पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट आहे म्हणून तो येतो तरी. पण गुडघे फुकट मिळत नाहीत.

नेहमीचे आक्षेप

*"फुकट मिळाले की लोक आळशी होतात."* ऐंशी वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेली बाई पंधराशे मिळाल्यामुळे कामाला जात नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी एक दिवस माझ्या ओपीडीत बसावे.

*"पोरांनी बघावे की."* बघावेच. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्जही करता येतो. ज्यांची मुले सुस्थितीत असून टाळतात त्यांनी जरूर करावा. पण ज्याचा पोरगा कारखान्यावर कोयता घेऊन गेला आहे, किंवा पुण्यात बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहतो, त्याच्यावर आईने कोणता दावा लावायचा?

*"सरकारकडे पैसा नाही."* देशाच्या एकूण उत्पन्नात महाराष्ट्राचा वाटा तेरा टक्क्यांच्या आसपास आहे, सर्व राज्यांत पहिला. राज्याचे दरडोई वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले आहे. आपल्यापेक्षा दरडोई उत्पन्न कमी असलेला आंध्र प्रदेश जुलै २०२४ पासून वृद्धांना महिन्याला चार हजार देतो. आपल्या जिल्ह्याला खेटून असलेले तेलंगण २०१९ पासून २,०१६ रुपये देते. त्याच वर्षी नांदेडच्या सीमेवरच्या काही गावांतले लोक 'आम्हाला तेलंगणात घ्या' म्हणाले होते, ते काही तेलुगू भाषेच्या प्रेमापोटी नव्हे. आपल्याहून कितीतरी गरीब असलेल्या नेपाळने १९९५ सालीच उत्पन्नाची अट न घालता वृद्धभत्ता सुरू केला. २०२१ मध्ये तो चार हजार नेपाळी रुपये झाला, म्हणजे आपले अडीच हजार. आणि आपल्याच राज्यात माजी आमदाराला २०१६ पासून महिन्याला किमान पन्नास हजार पेन्शन आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

शिवाय पैसा वाचतो कुठे? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत सरकार पाच लाखांपर्यंतचा रुग्णालयाचा खर्च उचलते. (ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत नांदेड होते.) किडनी गेल्यावर डायलिसिसचे पैसे सरकार देते, पण किडनी जाऊ नये म्हणून लागणाऱ्या दोन वेळच्या नीट जेवणाचे देत नाही. हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेले नाही.

काय व्हायला हवे?

सरकारने:

१. निराधार व श्रावणबाळची उत्पन्न मर्यादा ताबडतोब किमान रेशनच्या मर्यादेएवढी करावी, आणि टप्प्याटप्प्याने अडीच लाखांवर न्यावी.
२. रक्कम वाढवावी आणि महागाईशी जोडावी. कर्मचाऱ्यांना महागाई भत्ता मिळतो, मग म्हाताऱ्यांसाठी बाजार वेगळा आहे का?
३. पगाराची तारीख ठरवावी, आणि उशीर झाला तर कारण गावच्या फलकावर लावावे.
४. अंथरुणाला खिळलेल्यांची हयात पडताळणी घरी जाऊन करावी. आशाताई आणि आरोग्यसेविका त्या घरी जातातच.

आम्ही डॉक्टरांनी: साखर कमी करणारी गोळी लिहिण्याआधी 'घरी कोण आहे, रात्री काय जेवता, पगार चालू आहे का' हे विचारावे. तीस सेकंद लागतात. आणि निराधारच्या अर्जासाठी कुणी आजाराची कागदपत्रे मागायला आले तर त्याला चकरा मारायला लावू नयेत.

तुम्ही, वाचकांनी:

- तुमच्या गल्लीत एकटी राहणारी विधवा, वृद्ध, दिव्यांग किंवा दीर्घ आजारी व्यक्ती असेल तर तिचा पगार चालू आहे का ते विचारा. अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत किंवा सेवा केंद्रातून होतो. आधार, वयाचा, रहिवासाचा व उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, विधवेसाठी पतीचा मृत्यू दाखला, दिव्यांग किंवा आजारी व्यक्तीसाठी सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. अर्ज दिल्याची पोच घ्या.
- पगार बंद पडला असेल तर आधी बँकेत आधार जोडणी तपासा, मग तहसीलला लेखी अर्ज द्या. तोंडी विचारून परत येऊ नका.
- मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण नसेल तर काय करायचे, हे आपल्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. घाम, थरथर, बडबड, गुंगी दिसली आणि माणूस शुद्धीत असेल तर लगेच साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात आणा.
- मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, "एकवीस हजारांत तुमचे घर किती दिवस चालेल?"

त्या आजी परवा तपासणीला आल्या होत्या. साखर १४८, वजन दीड किलोने वाढलेले. तीन महिन्यांचा पगार एकदम पडला होता. म्हणाल्या, "साहेब, पीठ आणलं, डाळ आणली, अन् उधारी दिली." मी पुढची तारीख लिहून दिली आणि विचारले, "या महिन्याचा आला का?"

"अजून नाही," म्हणाल्या.